मानसिक थकवा

दीर्घकाळ लक्ष एकाग्र ठेवल्यामुळे, सतत निर्णय घ्यावे लागल्यामुळे किंवा मनातले बाजूला ठेवून हसतमुखाने वागावे लागल्यामुळे येणाऱ्या शिणाला मानसिक थकवा म्हणतात. या अवस्थेत शरीर धडधाकट असले तरी मन कामाला लागत नाही. चुका वाढतात, साध्या कामाला दुप्पट वेळ लागतो, क्षुल्लक कारणावरून चिडचिड होते आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींचाही कंटाळा येतो. दिवसभराचा असा शीण रात्रीच्या झोपेने उतरत असेल, तर त्यात काळजीचे काही नसते. तो उतरायच्या आतच दुसऱ्या दिवसाचा शीण त्यावर चढू लागतो, तेव्हा प्रश्न सुरू होतो.

भारतीय वैद्यकाला ही अवस्था अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘क्लम’ या लक्षणाचे वर्णन आहे. परिश्रम न करताच येणारा, धाप न लागणारा, पण इंद्रियांना आपापले विषय नीट ग्रहण करू न देणारा थकवा, असे ते वर्णन आहे. चरकसंहितेने झोपेची उपपत्तीच या थकव्यावरून लावली आहे : मन क्लांत झाले आणि इंद्रिये विषयांपासून माघारी फिरली, की माणसाला झोप येते. त्याच संहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील युक्त आहारविहाराचा श्लोक समतोल जीवनाच्या संदर्भात वारंवार उद्धृत केला जातो. त्या श्लोकात आहार, विहार, झोप आणि जागरण यांच्या जोडीने कर्मातील प्रयत्नांनाही प्रमाणाची अट घातली आहे, हे मात्र तो इतरांना ऐकवणारे बहुधा विसरतात.

आधुनिक काळात थकव्याचे मोजमाप प्रथम शरीरशास्त्रज्ञांनी केले. इटलीतील तूरिन येथील आंजेलो मोस्सो यांनी मधल्या बोटाने दोरीला बांधलेले वजन पुनःपुन्हा उचलायला लावून प्रत्येक उचलीची नोंद घेणारे उपकरण बनवले आणि १८९१ मध्ये थकव्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या अध्यापकाचे बोट नेहमीपेक्षा लवकर थकते, असे त्यांना आढळले. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या नजरेतून काही खुणा निसटतात, असे लक्षात आल्यावर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी आणखी साधी युक्ती काढली. कोऱ्या तबकडीवर एक काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे सरके आणि क्वचित एखाद्या वेळी दुप्पट उडी घेई. तेवढी उडी टिपायची, एवढेच काम दोन तास करायचे होते. पहिल्या अर्ध्या तासातच निरीक्षकांची अचूकता घसरली. काम हलके असूनही मन थकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

मेंदूत नेमके काय घडते, याचा उलगडा अजून पूर्ण झालेला नाही. दिवसभर अवघड बौद्धिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढील भागात ग्लुटामेट हे संदेशवाहक द्रव्य साचते, असे पॅरिसमधील संशोधकांनी २०२२ मध्ये मांडले. त्याआधी, १९९८ पासून, इच्छाशक्ती हा मर्यादित साठा असून तो वापराने संपतो, हे मत फार लोकप्रिय होते. परंतु अनेक प्रयोगशाळांनी मिळून २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फेरतपासणीत तो परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. त्यामुळे इच्छाशक्ती वापराने संपते असे सांगण्यामागचा शास्त्रीय आधार वाटतो तेवढा भक्कम नाही.

कामातून साचत गेलेल्या थकव्याला इंग्रजीवरून ‘बर्नआउट’ हे नाव रूढ झाले आहे. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी तेथील तळमळीच्या कार्यकर्त्यांमध्ये ही अवस्था पाहून १९७४ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तिच्या मापनाची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन अंगे तपासली जातात : भावनिक गळाठा, समोरच्या माणसाकडे कोरडेपणाने पाहण्याची वृत्ती आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. दुसऱ्या अंगाला सहकारी स्वभावदोष समजू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद व्यवसायाशी निगडित घटना म्हणून आहे, आजार म्हणून नाही. मॅस्लाक यांच्या मते कामाचा बोजा हे त्याचे एक कारण असले तरी एकमेव नव्हे. कामावर स्वतःचे नियंत्रण नसणे, कष्टांची कदर न होणे, सहकाऱ्यांशी तुटलेपण, अन्याय्य वागणूक आणि पटत नसलेले काम करावे लागणे हीदेखील कारणे आहेत.

तरीही तासांचा हिशेब टाळता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी जपून ठेवण्यात आल्या होत्या. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये त्यांचे पुन्हा विश्लेषण केले. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत कामाच्या प्रमाणात उत्पादन वाढत होते. त्यापुढे वाढीचा वेग मंदावत गेला आणि ७० तास राबणाऱ्यांचे उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसे जास्त नव्हते. रविवारची सुट्टी बुडाली, की उत्पादनालाही फटका बसे.

ही गोष्ट मुंबईच्या गिरणी कामगारांनी आकडेमोडीशिवाय ओळखली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात रविवारी पूर्ण सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या होत्या, तसेच काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे असेही म्हटले होते. आठवड्याची सुट्टी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्य केली. विश्रांती ही मालकाची मेहरबानी नसून कामाच्याच व्यवस्थेचा भाग आहे, हा विचार भारतात कामगारांनी लढून रुजवला, हे समतोलावरच्या आजच्या चर्चेत क्वचितच आठवले जाते.

समतोल म्हणजे दिवसाची आठ-आठ तासांची काटेकोर वाटणी, ही समजूत तितकीशी उपयोगाची नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये शीण उतरण्याच्या चार वाटा सांगितल्या : कामापासून मनाने सुटणे, शिथिल होणे, काहीतरी नवे जमवण्याचा आनंद आणि आपला वेळ आपल्या हातात असणे. यांतील पहिली वाट सर्वांत अवघड आहे. सात वाजता घरी पोचलेला, पण जेवणाच्या ताटावर वाकूनही कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर अंगठा फिरवणारा माणूस घरी असला तरी कामातून सुटलेला नसतो. उलट भजनी मंडळात टाळ धरणे, ट्रेकला जाणे किंवा परसात माती उकरणे यांत शरीराला कष्ट पडूनही मन हलके होते.

विश्रांतीनेही न उतरणारा थकवा मात्र वेगळा तपासावा लागतो. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, झोपेत श्वास अडकणे आणि नैराश्य यांतही असाच थकवा दिसतो. नैराश्यात उदासी कामापुरती न राहता सुट्टीच्या दिवशीही तशीच असते. भारत सरकारची टेली मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मुक्त राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला. अशाच आशयाचे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. असे कायदे पगारी कामापुरते असतात. लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो हे पाहणाऱ्या, भारताच्या २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला हे काम कार्यालयाच्या तासांनंतर येते, आणि उद्या डब्याला काय, गॅस कधी संपेल, मुलाची फी कधी भरायची, याची मनातली उजळणी त्या मिनिटांत मोजली जात नाही.