मल्चिंग पेपर : उपटायचा की जिरवायचा?

नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या मामांकडे टोमॅटोचा शेवटचा खुडा झाला, की तार-बांबू निघतात, ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या जातात आणि मग उरतं सगळ्यात किचकट काम. बेडवरचा, म्हणजे गादीवाफ्यावर तण आणि ओल राखायला अंथरलेला मल्चिंग पेपर काढायचं. २५-३० मायक्रॉनचा तो पापुद्रा चार महिन्यांच्या उन्हानं जीर्ण झालेला असतो. ओढला की हातभर येतो आणि फाटतो. मातीत राहिलेल्या चिंध्या पुढे रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळतात. "लावायला दोन माणसं, काढायला सहा," असं मामा दरवर्षी म्हणतात.

नावात 'पेपर' असला तरी तो असतो पॉलिथिनचा. पॉलिथिनच्या साखळीत नुसते कार्बन-कार्बन जोड, त्यामुळे मातीतल्या जिवाणूंच्या एन्झाइमना दात लावायला जागाच सापडत नाही.

पॉलिएस्टरमध्ये ती जागा असते. पॉलिएस्टर म्हटलं की साडी नाहीतर शर्ट आठवतो, आणि तो काही कुजत नाही! पण हे नाव मुळात कापडाचं नाही, जोडाचं आहे. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र येऊन पाण्याचा एक रेणू बाहेर पडला, की तयार होतो तो एस्टर जोड. नाशिकच्या वायनरीत मुरणाऱ्या वाइनला जो फळांसारखा वास येतो, तोही बराचसा छोट्या एस्टरांचाच. असे शेकडो-हजारो जोड एकापुढे एक गुंफले की झालं पॉलिएस्टर. मेख अशी, की पाणी बाहेर टाकून बनलेला हा जोड पाणी परत आत शिरलं की सुटतो. साडीच्या पॉलिएस्टरमध्ये बेंझिनची ताठ वलयं दाटीनं बसलेली असल्यानं पाण्याचं आणि एन्झाइमचं तिथे फारसं चालत नाही. त्या वलयांच्या जागी लवचीक कड्या घातल्या, तर साखळी तुटायला लागते.

१९३०च्या आसपास ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञानं असे पॉलिएस्टर बनवले होते. ते थोड्या उष्णतेनं वितळत आणि पाण्यापुढे टिकत नसत. कापडाला काय कामाचे? त्यानं ते बाजूला ठेवले आणि पुढे नायलॉन बनवला. त्याच घराण्यातला एक धागा आज ऑपरेशननंतर आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात.

मातीत कुजणारा मल्चिंग पेपर अशाच पॉलिएस्टरचा करतात. त्यात सध्या सगळ्यात जास्त बोलबाला आहे पीएलएचा, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्लाचा. दह्याला आंबट करणारं लॅक्टिक आम्ल हा त्याचा कच्चा माल. मक्याची किंवा उसाची साखर आंबवून ते मिळवतात. या रेणूच्या एका टोकाला आम्ल आणि दुसऱ्या टोकाला अल्कोहोल, त्यामुळे तो आपल्याच भावंडांचे हात धरत साखळी करतो. पण जोडागणिक सुटणारं पाणी तयार साखळी पुन्हा तोडायला बघतं. म्हणून आधी दोन-दोन रेणूंची वलयं करून ती शुद्ध करतात आणि मग ती उघडून लांब साखळ्या ओवतात.

एवढं करून हाती येतं ते कडक आणि ठिसूळ प्लास्टिक. ताणलं तर जेमतेम पाच-सहा टक्के लांबतं आणि तुटतं. ५५-६० अंशांना मऊही पडतं. एका लग्नात 'कंपोस्टेबल' छापलेल्या पारदर्शक ग्लासात मी वाफाळता चहा ओतून घेतला होता. ग्लास बसला आणि चहा पायजम्यावर! बेडवर ताणून बसवायच्या पेपरला एकटं पीएलए चालत नाही ते यामुळेच. मग त्यात पीबॅट (PBAT) नावाचं दुसरं प्लास्टिक मिसळतात. तेही पॉलिएस्टरच, पण रबरासारखं, मूळ लांबीच्या पाचपटीहून जास्त ताणलं जाणारं. त्यात बेंझिनची थोडी वलयं मुद्दाम ठेवलेली असतात, नाहीतर फिल्ममध्ये जीव उरत नाही.

कुजण्याचं मोजमाप हा आणखी नाजूक मामला. फिल्म पुरायची आणि वजन घटलं की 'कुजली' म्हणायचं, असं चालत नाही. ती नुसती भुगा होऊन मातीत पसरलेली असू शकते. म्हणून जिवाणूंनी ती खाऊन सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. औद्योगिक कंपोस्टची कसोटी म्हणजे ५८ अंशांच्या आसपास १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा वायू व्हायला हवा. शेतातल्या मातीला ५८ अंश कुठून येणार? निफाडकडे तर थंडीत पारा पाच अंशांखाली जातो. म्हणून मल्चिंग फिल्मसाठी युरोपनं २०१८ साली वेगळं मानक आणलं : २० ते २८ अंशांच्या मातीत दोन वर्षांच्या आत ९० टक्के. कंपोस्टचा शिक्का बघून फिल्म घेतली आणि ती थंड मातीत तशीच राहिली, तर त्यात नवल नाही.

मामांना अशा मातीत कुजणाऱ्या फिल्मचा एक तुकडा दाखवला. त्यांनी तो चिमटीत धरून ताणला, उजेडात धरला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "बेडच्या कडेला जो मातीत दाबतो, तो भाग आधी जाईल ना?"

बरोबर. वरच्या पेपरवर ऊन पडतं, तर दाबलेल्या कडेला ओल आणि जिवाणू दोन्ही लागलीच भेटतात. ती कड आधी विरते, मग वारा आत शिरतो आणि टोमॅटो ऐन भरात असताना अख्खा पेपर फडफडायला लागतो.

"मग कडेला जाड बनवा की," म्हणत मामांनी तुकडा खिशात घातला.