निकालावरची फी आणि निमबटाईचा हिशोब

सुरत–नागपूर महामार्गासाठी नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत जमिनी संपादित झाल्या. त्याआधी हतनूर आणि उकाई धरणांच्या बुडीत क्षेत्रातही जमिनी गेल्या होत्या. तेव्हापासून वाढीव मोबदल्याचे दावे खानदेशातल्या न्यायालयांच्या नेहमीच्या कामाचा भाग झाले आहेत. जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या हाती दावा चालवण्याइतका पैसा बहुधा नसतो. त्यामुळे वकीलपत्रावर सही करताना तो सहज म्हणून जातो, की आज काही मागू नका, मोबदला वाढला तर त्यातले टक्के घ्या. ज्या भागात शेत निमबटाईने देण्याची रीत आहे, म्हणजे एकाची जमीन, दुसऱ्याची मेहनत आणि पीक अर्धे-अर्धे, तिथे या बोलण्यात कोणाला वावगे वाटत नाही. भारतीय कायदा मात्र वकिलाला असा करार करू देत नाही, आणि त्यामागचा इतिहास बराच जुना आहे.

या इतिहासाची सुरुवात इंग्लंडमध्ये होते. तिथे परक्या माणसाने दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरवून त्यातल्या हिश्श्याची बोली करणे मध्ययुगापासून निषिद्ध होते. बलाढ्य सरदार दुबळ्यांचे दावे विकत घेतील आणि न्यायालयांनाच वेठीला धरतील, ही त्यामागची भीती होती. हा गुन्हा तिथल्या कायद्यातून 1967 मध्ये गेला. 1990 च्या कायद्याने 'जिंकलो तरच फी' या पद्धतीला मर्यादित वाट दिली. अमेरिकेत तर अपघाताच्या नुकसानभरपाईत साधारण एक तृतीयांश रक्कम वकिलाने घेणे रूढ आहे. हरल्यास तो फी घेत नाही. कागदपत्रांचा आणि तज्ज्ञांच्या साक्षींचा खर्च कोणी सोसायचा, हे करारात आधी ठरवावे लागते. फौजदारी खटल्यात आणि घटस्फोटाच्या कामात मात्र तिथेही अशी बोली करता येत नाही.

भारतात हा इंग्रजी निषेध जसाच्या तसा आला नाही, आणि ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. 1876 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, स्पष्ट केले, की दाव्याला पैसा पुरवून मालमत्तेत हिस्सा घेण्याचा न्याय्य करार इथे केवळ तेवढ्या कारणाने बेकायदा ठरत नाही. अडलेल्याला नाडणारा करार असेल तर मात्र न्यायालय तो मानणार नाही. पुढे 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका ज्येष्ठ वकिलाचे प्रकरण आले. वसुलीतला अर्धा हिस्सा घेण्याचा करार त्याने पक्षकाराशी केला होता. न्यायालयाने म्हटले, की हाच व्यवहार दोन सामान्य माणसांत झाला असता तर त्यात नीतीला धक्का देणारे काही नव्हते. पण वकिलाने तो करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. निकालात ज्याचा स्वतःचा पैसा अडकला आहे, तो न्यायालयाला निःस्पृह मदत कशी करणार, हा या भूमिकेचा गाभा होता.

1961 च्या अधिवक्ता कायद्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने, जे नियम केले, त्यांतल्या नियम 20 ने हीच भूमिका लेखी केली: वकिलाने निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू नये आणि मिळालेल्या रकमेत वाटा घेऊ नये. 2017 मध्ये मोटार अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात भरपाईच्या टक्क्यांवर आकारलेल्या फीसाठी पक्षकाराने दिलेला धनादेश वटला नाही, म्हणून वकिलाने फौजदारी तक्रार केली. टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यवाही रद्द केली. म्हणजे टक्क्यांचा कागद लिहून घेणाऱ्या वकिलाला त्या कागदावर वसुली तर करता येत नाहीच, उलट शिस्तभंगाच्या कारवाईला तोंड द्यावे लागू शकते.

वकील नसलेल्या सावकाराला किंवा कंपनीला मात्र ही मनाई नाही, आणि 2018 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसे नमूदही केले. महाराष्ट्रात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 25 मध्ये केलेल्या दुरुस्तीमुळे अशा पैसे पुरवणाऱ्याला वादी म्हणून सामील करून घेता येते आणि त्याच्याकडून खर्चाची हमीही मागता येते. माझ्या मते इथेच खरी विसंगती आहे: ज्याच्यावर व्यवसायाच्या शिस्तीचा वचक आहे, त्याला बंदी, आणि ज्याच्यावर तसा कोणताही वचक नाही, त्याला मोकळीक.

कायद्यात बसणारी रीत म्हणजे ठरावीक फी. ती हप्त्यांनी देता येते आणि टप्प्याटप्प्याने वाटता येते, फक्त निकालाशी बांधता येत नाही. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये स्पष्ट केले आहे. ज्यांना हप्तेही परवडत नाहीत, त्यांच्यासाठी 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यामुळे अक्कलकुवा–धडगावकडच्या बहुतेक आदिवासी कुटुंबांना टक्क्यांची बोली करण्याची गरजच उरत नाही. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज केला, की वकील नेमून मिळतो.