चित्राच्या माउंटला खिडकी कशी आली

चित्र आणि लाकडी चौकट यांच्यामध्ये असलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्याला फ्रेमवाले माउंट म्हणतात. त्यात तिरकी कापलेली खिडकी आज निव्वळ शोभेची वाटते. परंतु संग्राहकांच्या हौसेइतकाच काचेपासून चित्र वाचवण्याच्या निकडीचाही तिच्या इतिहासात वाटा आहे.

हौस अर्थातच जुनी. १६ व्या शतकात इटलीतील चित्रकार आणि संग्राहक ज्योर्जिओ वासारी याच्या संग्रहातील रेखाटने मोठ्या पानांवर चिकटवून त्यांभोवती शाईने चौकटी काढल्या जात. पॅरिसचा संग्राहक प्येर-जाँ मारिएत (१६९४–१७७४) याने निळा कागद, सोनेरी पट्टी आणि खाली चित्रकाराच्या नावाची नक्षीदार पाटी असा थाट रूढ केला. हे निळे माउंट पाहूनच जाणकार त्याच्या संग्रहातील चित्र ओळखतात. दोन्ही बाजूंना रेखाटन असलेला कागद जाडीतून चिरून त्याची दोन पातळ पाने करण्यापर्यंत त्याची मजल गेली होती, हे आजच्या संग्रहालयवाल्यांच्या अंगावर काटा आणणारे आहे. हिंदुस्थानात जहांगीरच्या मुरक्क्यांमधले (चित्रे आणि सुलेखन यांच्या संग्रहवह्यांमधले) हाशिये, म्हणजे चित्राभोवतीच्या नक्षीदार कडा, याच हौसेचे, किंबहुना अधिक श्रीमंत रूप होते; सध्या तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात असलेल्या त्याच्या मुरक्का-ए-गुलशनमध्ये युरोपीय छापचित्रांनाही सोनेरी नक्षीच्या कडा लाभल्या आहेत. हे सारे संग्रह हातात घेऊन पाहायचे असल्यामुळे काचेचा प्रश्न तिथे नव्हता.

तो प्रश्न १८३९ मध्ये जाहीर झालेल्या डागेरोटाइप या सुरुवातीच्या छायाचित्रण पद्धतीने ठळक केला. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरील ही प्रतिमा बोटाच्या स्पर्शानेही पुसली जाई, म्हणून ती काचेखाली ठेवणे भाग होते. आणि काच तिला टेकू नये म्हणून मध्ये लंबवर्तुळाकार किंवा अष्टकोनी खिडकीचा पितळी पत्रा बसवला जाई. पुढे त्या पत्र्यावरही वेलबुट्टी उमटली. १८५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमने जाड पुठ्ठ्यात खोलगट जागा करून त्यात चित्र बसवण्याची पद्धत अवलंबली, त्यामुळे एकावर एक रचलेली चित्रे घासली जाईनाशी झाली.

खिडकीची कड ४५ अंशांत कापण्याचे कारण साधे आहे: सरळ कड चित्रावर सावली पाडते, तिरकी कड मात्र पुठ्ठ्याच्या आतल्या थराची, म्हणजे गाभ्याची, पांढरी रेघ दाखवून नजर आत नेते. माउंट पालथा घालून मागच्या बाजूने कापतात. पाते कोपऱ्यापलीकडे गेले तर दर्शनी बाजूला चीर दिसते, अलीकडे थांबले तर तुकडा कोपऱ्यात अडकून राहतो. कारागिराची खरी परीक्षा तिथेच होते.

पुठ्ठ्याचा गाभा मात्र दगा देऊ शकतो, हे उशिरा उमगले. १८४० च्या दशकात लाकूड दळून लगदा करण्याची रीत निघाली आणि तिच्यामुळे स्वस्त, परंतु आम्लयुक्त पुठ्ठा सर्रास वापरात आला. कापलेल्या कडेला हा गाभा उघडा पडत असल्यामुळे चित्रावर नेमकी खिडकीच्या आकाराची तपकिरी रेघ उमटते. संग्रहालये म्हणूनच सुती धाग्यांपासून बनवलेला आम्लमुक्त बोर्ड वापरतात.

कोकणातील आणि मुंबईतील पावसाळ्यात माउंटचे महत्त्व आणखी वाढते. काचेला थेट टेकलेल्या फोटोवरचा जिलेटिनचा थर दमट हवेत फुगून काचेला चिकटतो आणि काढताना प्रतिमाच सोलून निघते. १९९० च्या दशकात संगणकावर चालणारी कापणी यंत्रे आल्यावर कमानी, अक्षरे आणि एकाच बोर्डात अनेक खिडक्या कापणे सोपे झाले, पण फोटो काचेपासून दूर राखणारी माउंटची जाडी यंत्रयुगातही तितकीच कामाची आहे.