रोमच्या भुयारांत ख्रिस्ती लोक लपून राहत होते का?

‘रोमन सत्तेने केलेल्या छळाच्या काळात रोमचे ख्रिस्ती कॅटाकोम्बमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या भुयारांत, लपून राहिले आणि म्हणून श्रद्धा टिकली,’ असं वर्षानुवर्षं फिरतं. भुयारं खरी आहेत, पण ती दफनभूमी होती. शहरात प्रेत पुरायला कायद्याने बंदी असल्यामुळे ती शहराबाहेर, आपियन रस्त्यासारख्या हमरस्त्यांलगत खोदली गेली. नकाशावर पाहा, जुन्या तटबंदीच्या बाहेरच सापडतील. वाट जेमतेम मीटरभर रुंद, दोन्ही भिंतींत थरावर थर थडगी. शेकडो कुजत्या प्रेतांशेजारी संसार कोण थाटेल? शिवाय ती गुप्तही नव्हती. इ.स. २५७ मध्ये सरकारनेच ख्रिस्ती लोकांना दफनभूमीत जायला मनाई केली, म्हणजे जागा ठाऊकच होत्या. बरंचसं खोदकाम तर ३१३ नंतरचं, छळ थांबल्यावरचं.

खरा दबाव उघड्यावर, अधिकाऱ्यांसमोर येई. रोमन सम्राट डेसियसच्या २५० च्या फर्मानानुसार देवांना नैवेद्य दाखवायचा, पेयार्पण करायचं, प्रसादाचं मांस चाखायचं आणि साक्षीदारांच्या सहीचा दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये असे पपायरसवर (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदावर) लिहिलेले चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. काहींनी बळी दिला, काहींनी पैसे मोजून नुसता दाखला मिळवला, काही गाव सोडून गेले. नकार देणारे तुरुंगात गेले, काही जिवाला मुकले.