डीपी टू एचडीएमआय आणि एचडीएमआय टू डीपी : एकच केबल नव्हे हो!

सारखा तोच प्रश्न येतो. ऑफिसने जुने मॉनिटर विकायला काढले म्हणून एक स्वस्तात उचलला, त्याला डिस्प्लेपोर्ट (म्हणजेच डीपी) आणि जुन्या पद्धतीचा व्हीजीए एवढेच पोर्ट, घरच्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय, मग दोन्ही टोकं जुळणारी केबल ऑनलाइन मागवली, लावली, आणि स्क्रीनवर 'नो सिग्नल'. मग सल्ले सुरू होतात, ड्रायव्हर टाक, विंडोज नव्याने टाक, मॉनिटर गेलाय, परत कर. अहो, मॉनिटर ठणठणीत आहे, लॅपटॉपही, आणि केबलसुद्धा. ती केबल एकेरी आहे आणि तुम्ही उलट्या दिशेने गाडी घातलीय, बाकी काही झालेलं नाहीये.

एचडीएमआय तुम्हाला माहितीच आहे, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, प्रोजेक्टर सगळीकडे तेच, २००२ साली टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून काढलं. डिस्प्लेपोर्ट २००६ चं, व्हेसा या संस्थेचं, कॉम्प्युटरसाठी. पोर्टचा एकच कोपरा तिरका कापलेला असेल तर तो डीपी.

चित्र कशात छान दिसतं? सारखंच दिसतं. आवाज? दोन्हीतून जातो. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलने रंग खुलत नाहीत, दुकानदाराला म्हणावं ठेव तुझ्याकडेच. एकच अपवाद आहे, एचडीएमआयवर काळा रंग राखाडी, धुतल्यासारखा दिसत असेल तर बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाने (कॉम्प्युटरमधला चित्र पाठवणारा भाग) मॉनिटरला टीव्ही समजून रंगांची मर्यादित रेंज पाठवलेली असते, ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'लिमिटेड'चं 'फुल' करा, झालं.

आता खरी गोष्ट. दोन्हींचा सिग्नलच वेगळ्या जातीचा आहे. आपल्या रोजच्या एचडीएमआयमध्ये रंगांचे तीन प्रवाह आणि शेजारी क्लॉकची (वेळेचा ठेका देणाऱ्या सिग्नलची) वेगळी जोडी, असं अखंड वाहत असतं. डिस्प्लेपोर्टमध्ये चित्राची छोटी छोटी पॅकेटं करून पाठवतात, क्लॉकची वेगळी तार नसतेच. त्यामुळे इकडची पिन तिकडे जोडून एकाचं दुसरं होत नाही, कितीही चांगली केबल असू दे.

मग लोक म्हणतात, पण माझ्या मित्राकडे तर साधी केबल चालते की! चालते, कारण त्याच्याकडे डीपी कार्डाला आहे आणि एचडीएमआय टीव्हीला. तिथे केबल काही रूपांतर करत नाही, सगळं कार्ड करतं. ग्राफिक्स कार्डाच्या जवळपास सगळ्या डीपी पोर्टना दोन भाषा येतात (कधी कधी पोर्टशेजारी डीपीच्या खुणेला दोन अधिकची चिन्हं असतात, त्याचा अर्थ हाच). साधी डीपी टू एचडीएमआय केबल खोचली की १३ नंबरच्या पिनवरून कार्डाला कळतं की पलीकडे एचडीएमआयवाला बसलाय, आणि ते स्वतःचा सिग्नल बाजूला ठेवून त्याच पोर्टमधून सरळ एचडीएमआयचाच सिग्नल सोडतं. केबलच्या डीपी टोकात जी बारकी चिप असते ती फक्त व्होल्टेजची पातळी जुळवते.

उलट्या बाजूने बघा. लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला एकच भाषा येते आणि मॉनिटरच्या डीपी पोर्टलाही एकच, वेगळी. मधे दुभाष्या नाही. दोन भाषा बोलायची सोय फक्त पाठवणाऱ्याच्या डीपी पोर्टमध्ये आहे, घेणाऱ्याच्या नाही, आणि सगळा घोळ एवढ्यातच आहे. पोर्ट दिसायला अगदी सारखा, म्हणून लोकांना वाटतं की कार्डाच्या डीपीला जे जमतं ते मॉनिटरच्या डीपीला पण जमेल, आणि तिथेच पैसे जातात.

आणि विकणारे याला खतपाणी घालतात. नियम सरळ आहे, नावात आधी सोर्स (चित्र पाठवणारा), 'टू'च्या पुढे स्क्रीन. पण लिस्टिंगच्या मथळ्यात 'एचडीएमआय टू डीपी, डीपी टू एचडीएमआय' असं सगळंच कोंबून ठेवतात म्हणजे कोणीही शोधलं तरी माल दिसावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काउंटरवर 'एचडीएमआय डीपी केबल द्या' एवढंच म्हणालात तर बहुतेक वेळा डीपीकडून एचडीएमआयकडे जाणारीच हातात पडेल, कारण तीच जास्त खपते. म्हणून असं सांगा, 'लॅपटॉपला एचडीएमआय आहे, मॉनिटरला डीपी आहे'. समोरचा म्हणाला की 'दोन्हीकडून चालते', तर तिथेच लावून दाखवायला सांगा.

मग तो लॅपटॉपवाला काय करेल? आधी लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट बघा. शेजारी डी आणि पी एकत्र गुंफलेली खूण किंवा विजेची बाणवाली खूण (थंडरबोल्ट) असेल तर टाइप-सी टू डीपी केबल घ्या, तिथून अस्सल डिस्प्लेपोर्टच निघतो, भानगडच नाही. खूण नसेल तर मॉडेलची माहिती काढून बघा, कारण बऱ्याच टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येतच नाही. मॉनिटरला डीव्हीआय हा जुना पोर्ट असेल तर तुमचं नशीब, एचडीएमआय आणि डीव्हीआयचा सिग्नल मुळात एकाच घराण्यातला, तिथे साधी केबल चालते आणि चक्क दोन्ही दिशांनी. यातलं काहीच नसेल तर अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर, म्हणजे ज्यात खरंखुरं रूपांतर करणारी चिप असते तो. ओळखायची खूण म्हणजे त्याला पॉवरसाठी बहुतेक वेळा यूएसबीची एक शेपटी असते. साध्या केबलच्या कितीतरी पट महाग पडतो, त्यामुळे फुल एचडीच मॉनिटर असेल तर मी म्हणेन सरळ एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लावा, एक्सेल आणि यूट्यूबला काही फरक पडत नाही. उगाच नाकं मुरडू नका.

जी दिशा चालते तिच्यातही एक मेख आहे. स्वस्त डीपी टू एचडीएमआय केबल बऱ्याचदा जुन्या, पहिल्या प्रकारच्या असतात, त्यांची हद्द १६५ मेगाहर्ट्झ, म्हणजे १०८० पिक्सेल ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायला) पुरेशा, पण १४४० पिक्सेलला ६० हर्ट्झ मिळत नाही. त्याहून बऱ्या केबलच्या पाकिटावर 'फोरके' छापलेलं असतं, ते बऱ्याचदा ३० हर्ट्झचं निघतं आणि माउस अडखळत चालतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन असल्या केबलवर चालवणाऱ्यांना काय म्हणावं! दोन्हीकडे डीपी असेल तर डीपी टू डीपीच लावा, आणि विंडोजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन हर्ट्झ स्वतः निवडा, नाहीतर ते कित्येकदा ६० वरच बसून राहतं. (कार्ड असूनही केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावणाऱ्यांनी आधी ती काढून खाली कार्डाला लावा, मग बोलू.)

डेस्कटॉपवर मी डीपीच्याच बाजूने आहे, लिनक्सवाल्यांनी तर असायलाच हवं, कारण ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एएमडीला आपल्या लिनक्सच्या ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये एचडीएमआयची २.१ ही नवी आवृत्ती आणायची होती आणि २०२४ मध्ये एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने चक्क नाही म्हणून सांगितलं. पण डीपीचीही नाटकं आहेत. मॉनिटर बंद केला की कॉम्प्युटरला वाटतं केबलच काढली, मग सगळ्या विंडो दुसऱ्या स्क्रीनवर जाऊन गर्दी करतात (विंडोज ११ मध्ये विंडोंच्या जागा लक्षात ठेवायचं सेटिंग आहे, ते चालू करा). केबलला खटका असतो, तो न दाबता ओढली तर पोर्टसकट हातात येईल. आणि हलक्या केबलमध्ये २० नंबरची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते, नियमाप्रमाणे ती जोडायचीच नसते, कारण ती पॉवरची आहे, मग मॉनिटरकडून कार्डात उलटी वीज शिरते आणि पीसी चालूच होत नाही किंवा बंद केल्यावरही कार्डावर दिवे मिणमिणत राहतात. असं काही दिसलं तर एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदलायच्या आधी डीपी केबल काढून बघा.

एनव्हिडियाचं ९०० किंवा १० सिरीजचं सेकंडहँड कार्ड घेतलं असेल आणि नव्या मॉनिटरवर डीपी लावल्यावर विंडोज येईपर्यंत स्क्रीन काळीच राहत असेल, बायोस (विंडोजच्या आधी येणारी सेटिंगची स्क्रीन) दिसतच नसेल, तर कार्ड खराब म्हणून परत द्यायला धावू नका. डिस्प्लेपोर्टच्या १.३ आणि १.४ या आवृत्त्यांसाठी एनव्हिडियाने फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटचं एक छोटं टूल दिलंय. तोवर एचडीएमआय लावून बूट करा, टूल चालवा, रीस्टार्ट करा, मग डीपी लावा.