पाटी वर करा! आठवण्याचं विज्ञान आणि चौथी-पाचवीचा वर्ग

तिसरी ते पाचवीला शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाच्या ओळखीची गोष्ट आहे ही. जलचक्र शिकवून झालं, मुलांनी भराभर उत्तरं दिली, बाष्पीभवन, सांद्रीभवन सगळं जमलं. तीन आठवड्यांनी घटक चाचणीत त्याच प्रश्नापुढे कोरी जागा. मग स्टाफरूममध्ये निदान होतं: लक्ष नसतं, घरी अभ्यास घेत नाहीत, मोबाइलने वाट लावली. स्मरणशक्तीवरचं संशोधन मात्र निराळं सांगतं. मुलांचं लक्ष होतं, त्यांना समजलंही होतं. फक्त समजलेलं ते डोक्यातून बाहेर काढायची वेळ त्या तीन आठवड्यांत त्यांच्यावर एकदाही आली नाही.

हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विसरण्याचं पहिलं शिस्तशीर मोजमाप छापलं. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या तो स्वतःच पाठ करायचा आणि किती काळाने किती उरलं ते तपासायचा. त्याला दिसलं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो. त्याचं दुसरं निरीक्षण वर्गासाठी जास्त मोलाचं आहे. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागून ३८ वेळांत साधलं. श्रम जवळजवळ निम्मे, फळ तेच. तरीही आपलं वार्षिक नियोजन एक घटक संपवायचा आणि पुढच्याकडे जायचं, असंच चालतं. मागचा घटक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘उजळणी’ म्हणून परत येतो, तोवर फार उशीर झालेला असतो.

त्याहून मोठा धक्का २००६ सालच्या एका प्रयोगाने दिला. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी उतारा मिटून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ‘येतंय मला’ असा भास होतो. आठवताना अडखळायला होतं, पण त्या अडखळण्यातच आठवण पक्की होते.

हे प्रौढ विद्यार्थ्यांचं झालं. शाळेतल्या मुलांचं काय? इलिनॉय राज्यातल्या एका शाळेत सहावीच्या सामाजिक शास्त्राच्या वर्गात याच विद्यापीठाच्या गटाने पाहणी केली. धड्यातल्या काही मुद्द्यांवर गुण नसलेल्या छोट्या चाचण्या घेतल्या, काहींवर घेतल्या नाहीत. शिक्षिकेला चाचणीच्या वेळी वर्गाबाहेर ठेवलं, म्हणजे कुठल्या मुद्द्यांची चाचणी झाली हे तिला कळू नये आणि तिच्या शिकवण्यात नकळत फरक पडू नये. सत्राच्या शेवटी, चाचणी झालेल्या मुद्द्यांवर मुलांची उत्तरं स्पष्टपणे चांगली होती. पुढे माध्यमिक वयाच्या १,४०८ विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा ७२ टक्के जणांनी सांगितलं, अशा सरावामुळे मोठ्या परीक्षेची धास्ती कमी झाली.

आता वर्गाकडे येऊ. या सगळ्यासाठी लागणारं सर्वांत चांगलं साधन मराठी शाळेत पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते म्हणजे पाटी. ‘कोण सांगेल?’ असं विचारलं की नेहमीचे पाच हात वर जातात, त्यातलं एक मूल उत्तर देतं आणि बाकीचे तीसजण आठवण्याच्या कष्टातून सुटतात. त्याऐवजी प्रश्न सांगावा, थांबावं, प्रत्येकाने पाटीवर लिहावं, आणि ‘पाटी वर करा’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम दाखवावी. एका नजरेत शिक्षकाला कळतं, कुणाला येतंय आणि नेमकं कुठे चुकतंय. मागच्या कोपऱ्यात गप्प बसणारी मुलगीही त्या अर्ध्या मिनिटात विचार करते.

त्यातलं ‘थांबावं’ फार महत्त्वाचं आहे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली आणि १९७४ साली निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. हाच अवकाश तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. चाळीस मुलांसमोर उभं असताना तीन सेकंदांची शांतता फार लांब वाटते. मनात ‘एक पाटी, दोन पाटी, तीन पाटी’ मोजायची सवय लावली तर जमतं.

समजा, पाचवीचा परिसर अभ्यासाचा तास आहे. पहिली पाच मिनिटं पुस्तक बंद. फळ्यावर तीन प्रश्न. पहिला कालचा: ओल्या कपड्यातलं पाणी जातं कुठे? दुसरा मागच्या आठवड्याचा. तिसरा मागच्या महिन्यातला. तिसऱ्यावर वर्ग कुरकुरतो, कारण तोच विसरायच्या बेतात असतो, आणि म्हणूनच तो सर्वांत कामाचा. उत्तर लिहून झालं की लगेच बरोबर उत्तर सांगायचं, चुकलेल्याने पुसून पुन्हा लिहायचं. वहीत नाही, गुण नाहीत, पालकांना निरोप नाही. गुण आले की मुलं शेजारच्या पाटीत बघायला लागतात आणि आठवण्याचा उद्योग तिथेच संपतो.

ही घोकंपट्टी नव्हे का, असं कुणी विचारेल. घोकताना तेच वाक्य त्याच क्रमाने पुन्हापुन्हा उच्चारलं जातं. इथे प्रश्न प्रत्येक वेळी थोडा वेगळा असतो. आज कपड्यातलं पाणी, पुढच्या वेळी माठ गार का होतो, त्यानंतर मिठागरात मीठ कसं उरतं. कल्पना एकच, पण तिच्यापर्यंत जायच्या वाटा निराळ्या. पाढ्यांच्या पाठांतराला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि त्याचंही कारण विज्ञानातच आहे. एका वेळी मनात खेळवता येतील अशा गोष्टी थोड्या असतात. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा मोठ्या माणसांसाठी साधारण चार असा मांडला. सातआठे किती हे शोधण्यात त्यातल्या दोन जागा गेल्या तर उदाहरण समजून घ्यायला उरतं काय?

याच चार जागांमुळे वर्गातल्या सूचनाही तपासायला हव्यात. ‘वही काढा, पान ४६ उघडा, समास आखा, तारीख घाला आणि दुसरं उदाहरण सोडवा.’ एका दमात पाच कामं. समास आखेपर्यंत निम्म्या वर्गाच्या मनातून उदाहरणाचा क्रमांक गेलेला असतो. मग ‘बाई, कितवं?’ सुरू होतं. ब्रिटनमधल्या सुझन गॅदरकोल आणि सहकाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे, सात-आठ वर्षांच्या तीस मुलांच्या वर्गात किमान तिघांची, एका वेळी गोष्टी मनात धरून ठेवायची क्षमता सरासरी चार वर्षांच्या मुलाइतकी असते आणि आणखी तिघांची अकरा वर्षांच्या मुलाइतकी. ज्याला आपण आळशी किंवा बेफिकीर म्हणतो, ते मूल त्या पहिल्या तिघांतलं असू शकतं. फळ्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात सूचना ओळीने लिहिल्या की मुलाला त्या मनात धरून ठेवाव्या लागत नाहीत. रोजचा क्रम ठरलेला असेल, वह्या गोळा करायची पद्धत, गटात बसायची पद्धत, तर त्यावरही विचार खर्ची पडत नाही.

लहान मुलांबाबत एक सावधगिरी हवी. कार्पिकी यांनी पुढे चौथीच्या मुलांबरोबर प्रयोग केले. ‘धड्यातलं आठवेल ते सगळं लिहा’ असं मोकळं सांगितल्यावर मुलांना फारच थोडं आठवलं. मोठ्यांना फळलेली युक्ती इथे तशीच्या तशी चालली नाही. आधार दिल्यावर मात्र चालली. तो आधार म्हणजे अर्धवट भरलेला आराखडा. जलचक्राचं चित्र फळ्यावर काढायचं, समुद्र, ढग, डोंगर, बाण सगळं. नावं मात्र दोनच लिहायची, बाकीच्या चौकटी रिकाम्या. दुसऱ्या वेळी एकच नाव द्यायचं. तिसऱ्या वेळी नुसते बाण. असा आधार हळूहळू काढून घेत गेलं तर चौथीचं मूलही आठवणीतून अख्खं चक्र उभं करतं.

गणितात आठवण्याचं आणखी एक अंग आहे: कुठली रीत वापरायची हे ओळखणं. ‘परिमिती’ या सरावसंचात वीसही उदाहरणं परिमितीची असतात. तिसऱ्या उदाहरणापासून मूल वाचणंच सोडून देतं, दिसलेल्या संख्या मिळवून दुप्पट करतं आणि सगळी बरोबर येतात. मग परीक्षेत येतं: ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद शेताला तारेचे तीन वेढे घालायचे, तार किती लागेल? आणि त्याखालीच: याच शेतात एक चौरस मीटरला अमुक बियाणं, तर एकूण किती? पहिल्याचं उत्तर परिमितीतून येतं, १३० मीटरचे तीन वेढे म्हणजे ३९० मीटर. दुसऱ्याला १,००० चौरस मीटर क्षेत्रफळ लागतं. इथे गडबड होते, कारण निवड करायचा सराव कधी झालेलाच नसतो. फ्लोरिडात डग रोरर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांवर हे तपासलं आणि २०२० मध्ये छापलं. काही वर्गांना एका प्रकारची उदाहरणं सलग मिळाली, काहींना तीच उदाहरणं इतर प्रकारांत मिसळून. महिन्याभराने अचानक घेतलेल्या चाचणीत सलगवाल्यांना ३८ टक्के, मिसळवाल्यांना ६१. पुस्तक बदलायची गरज नाही. गृहपाठाला एका सरावसंचातली सहा उदाहरणं देण्याऐवजी आजच्यातली दोन, मागच्या प्रकरणातली दोन, त्याच्या मागची दोन द्यायची, एवढंच.

वर्गाच्या मांडणीविषयी थोडं. आपल्याकडे ‘बोलक्या भिंती’ची चळवळ मोठी आहे, आणि गावच्या शाळेची रंगवलेली इमारत पाहून आनंदच होतो. तरी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ॲना फिशर आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा प्रयोग माहीत असावा. बालवर्गातल्या २४ मुलांना तेच विज्ञानाचे धडे कधी खच्चून सजवलेल्या खोलीत, कधी साध्या खोलीत दिले. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ भरकटलं, साध्या खोलीत २८.४ टक्के, आणि चाचणीत बरोबर उत्तरं ४२ टक्के विरुद्ध ५५. मुलं थोडी आणि वयाने लहान, म्हणून यावरून भिंतींना चुना फासायची गरज नाही. ब्रिटनमधल्या १५३ वर्गखोल्यांच्या सॅलफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासातही मध्यम सजावट सर्वांत बरी ठरली, फार भडक नाही आणि ओकीबोकीही नाही. माझा आग्रह एवढाच की फळ्याची भिंत मोकळी असावी. तक्ते बाजूच्या आणि मागच्या भिंतीवर, चालू घटकाचे, मुलांनी केलेले. आणि आठवायच्या वेळी ते उलटे करून ठेवावेत, नाहीतर पाटीवर उमटतं ते डोक्यातलं नसतं, भिंतीवरचं असतं.

बसण्याच्या रचनेत जिल्हा परिषदेची शाळा बाकांच्या शाळेपेक्षा भाग्यवान आहे. बस्करपट्ट्या दोन मिनिटांत हलतात. एकेकट्याने करायच्या कामाला रांगा बऱ्या आणि चर्चेला गोल बरा, असंच संशोधनातून दिसतं. दिवसभर गटातच बसवण्याचा अट्टहास नको.

आता प्रश्नपेटी. एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळेत तिसरी, चौथी, पाचवी एकाच खोलीत बसतात आणि शिक्षक एका इयत्तेला शिकवत असताना उरलेल्या दोन इयत्तांना काय द्यायचं, हा रोजचा पेच असतो. त्याला ही पेटी उपयोगी पडते. चपलेचं रिकामं खोकं घ्यायचं, पुठ्ठ्याने तीन कप्पे करायचे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापून दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवले की पुढेमागे कोरी अशी जाड पत्रं होतात. दर शुक्रवारी मुलांनी त्या आठवड्यात शिकलेल्यावर प्रत्येकी एक प्रश्न लिहायचा, मागे उत्तर. शिक्षकाने नजर टाकून चुका दुरुस्त केल्या की पत्रं पहिल्या कप्प्यात जातात. जोडीतल्या एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. बरोबर आलं तर पत्र पुढच्या कप्प्यात, चुकलं तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडतो, दुसरा आठवड्यातून दोनदा, तिसरा शनिवारच्या सकाळच्या शाळेत. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७०च्या दशकात ही रीत लोकप्रिय केली. जे येतं ते क्वचित, जे अडतं ते वारंवार, हे त्यात आपोआप साधतं. मुलांनी लिहिलेले प्रश्न सुरुवातीला ‘म्हणजे काय’ छापाचे असतात. ‘का’ आणि ‘कसं’ने सुरू होणारा एक तरी प्रश्न हवा असा नियम केला की पेटीची पत सुधारते.

पेटी इयत्तेनुसार न करता पातळीनुसार केली तर आणखी बरं. मुंबई आणि बडोद्यात ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वर्गाच्या धड्याऐवजी त्यांच्या पातळीचं वाचन-गणित वस्तीतल्याच तरुणी रोज दोन तास शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये छापलेल्या मूल्यमापनात या मुलांची लक्षणीय प्रगती दिसली. पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या प्रकारच्या प्रयोगांसाठी बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना मिळालं, त्यांतलाच हा एक. पाचवीत बसूनही हातच्याची वजाबाकी न जमणाऱ्या मुलाला त्याची स्वतःची पत्रं मिळाली तर त्याची पाटीही वर जाते.

सुरुवात एकाच विषयाने करावी. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि टाचण सांभाळून सगळं एकदम जमणार नाही. पाटीची पाच मिनिटं आधी बसवावीत, पेटी दुसऱ्या सत्रात आणावी. आणि मे महिन्यात चौथीची पेटी रद्दीत टाकू नये. जूनमध्ये शाळा उघडली की मुलं वरच्या वर्गात जातात, तशी पेटीही जावी. पाचवीच्या शिक्षकांनी पहिल्या आठवड्यात नवा धडा काढण्याआधी तिसरा कप्पा उघडून बघावा. सुट्टीत काय टिकलं आणि काय गेलं, हे तिथे कळतं.