जोडधंद्याच्या उत्पन्नावरील कर (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, स्वतंत्रपणे केलेल्या कामाच्या मिळकतीवर संघराज्य सरकार व राज्य सरकार यांच्याकडून जो कर आकारला जातो, त्याला जोडधंद्याच्या उत्पन्नावरील कर म्हणता येईल. या नावाचा वेगळा कर कायद्यात नाही. संध्याकाळी गाडी चालवून प्रवासी पोहोचवणारा, शिकवण्या घेणारा किंवा दिवाळीला चकल्या-करंज्यांच्या ऑर्डरी घेणारी गृहिणी हे सारे कायद्याच्या दृष्टीने व्यावसायिकच ठरतात आणि व्यवसायाला लागणारे सर्व नियम त्यांनाही लागतात. पगारातून कर परस्पर कापला जात असल्याने नोकरदाराला हिशेबाची फारशी सवय नसते. जोडधंद्याच्या पैशांतून मात्र सहसा कोणीच काही कापत नाही, आणि बहुतेक घोटाळे तेथूनच सुरू होतात.

संघराज्य पातळीवर या उत्पन्नावर दोन स्वतंत्र कर बसतात. पहिला म्हणजे सर्वसाधारण प्राप्तिकर. १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने त्याचा पाया घातला गेला. जोडधंद्याचा निव्वळ नफा पगारात मिळवला जातो आणि एकूण उत्पन्न ज्या टप्प्यात पोहोचते त्या टप्प्याचा दर त्याला लागतो. दुसरा म्हणजे स्वयंरोजगार कर, आणि नवख्याला धक्का देतो तो हाच. नोकरदाराच्या सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन योजना) व मेडिकेअर (वृद्धांची आरोग्यविमा योजना) या वर्गण्यांसाठी पगाराच्या ७.६५ टक्के रक्कम कापली जाते आणि तेवढीच मालक भरतो. स्वतःच मालक असलेल्याला दोन्ही वाटे मिळून १५.३ टक्के भरावे लागतात. १९५० च्या कायद्याने बहुतेक स्वयंरोजगारी लोक सोशल सिक्युरिटीच्या कक्षेत आले, तेव्हापासून ही वर्गणी चालत आली आहे. तिचा हिशेब निव्वळ नफ्याच्या ९२.३५ टक्के रकमेवर होतो आणि वर्षाची ही रक्कम ४०० डॉलरांपर्यंत पोहोचली की वर्गणी लागू होते. प्राप्तिकर शून्य असला तरी ही वर्गणी चुकत नाही.

एका उदाहरणावरून हे प्रमाण लक्षात येईल. समजा, इलिनॉय राज्यातील २२ टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या नोकरदाराला शिकवण्यांतून खर्च वजा जाता १०,००० डॉलर उरले. ९,२३५ डॉलरांवर १५.३ टक्क्यांनी स्वयंरोजगार कर १,४१३ डॉलर होतो. त्यातील निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा करता येते, त्यामुळे ९,२९४ डॉलर उरतात. २०१७ च्या कायद्याने आलेली आणि २०२५ मध्ये कायम झालेली व्यवसाय-उत्पन्नावरची २० टक्के वजावट घेतल्यावर प्राप्तिकर ७,४३५ डॉलरांवर, म्हणजे सुमारे १,६३६ डॉलर बसतो. इलिनॉय ही वजावट मानत नाही; ते ९,२९४ डॉलरांवरच ४.९५ टक्क्यांनी ४६० डॉलर घेते. एकूण कर ३,५०९ डॉलर, म्हणजे नफ्याच्या ३५ टक्के. हातात आलेली सगळी रक्कम खर्च करून बसलेल्याला एप्रिलमध्ये विवरणपत्र भरताना हा आकडा पाहून घाम फुटतो.

राज्यांचे कायदे एकमेकांशी जुळत नाहीत. टेक्सास, फ्लोरिडा, नेव्हाडा अशा काही राज्यांत अशा मिळकतीवर राज्याचा प्राप्तिकरच नाही. पेनसिल्व्हेनियाचा दर सरसकट ३.०७ टक्के आहे. कॅलिफोर्नियाचे दर एक टक्क्यापासून चढत जातात. न्यूयॉर्क शहर तर आपल्या रहिवाशांवर राज्याखेरीज स्वतःचाही प्राप्तिकर बसवते. काम एका राज्यात आणि घर दुसऱ्यात असल्यास सामान्यतः काम जेथे झाले ते राज्य आधी कर घेते आणि राहते राज्य त्याची सूट देते. न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया यांच्यात पगार फक्त राहत्या राज्यात करपात्र धरण्याचा करार आहे, परंतु तो स्वयंरोजगाराच्या नफ्याला लागू नाही. या दोन राज्यांमधली नदी ओलांडून शिकवायला जाणाऱ्याने नेमकी हीच गोष्ट विसरू नये.

कर वर्षाअखेरीस एकदम भरण्याची मुभा नसते. वर्षाला १,००० डॉलर किंवा अधिक संघराज्य कर देणे निघण्याची शक्यता असेल, तर १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढील वर्षी १५ जानेवारी अशा चार हप्त्यांत अंदाजे कर भरायचा असतो. चालू वर्षाच्या कराच्या ९० टक्के किंवा गेल्या वर्षीच्या कराएवढी रक्कम (उत्पन्न १,५०,००० डॉलरांवर असल्यास गेल्या वर्षीच्या ११० टक्के) वेळेत भरली असेल, तर दंड होत नाही. बहुतेक राज्यांचे हप्ते असेच असतात, पण कॅलिफोर्निया ३०, ४०, शून्य आणि ३० टक्के अशी स्वतःची वाटणी करते. ही दगदग नको असलेले नोकरदार आपल्या कंपनीला पगारातूनच जादा कर कापायला सांगतात. हा मार्ग सोपा आहे.

नफा प्राप्तिकर विवरणपत्राच्या ‘शेड्यूल सी’ या परिशिष्टात दाखवला जातो. काम देणाऱ्याने ठरावीक मर्यादेवर रक्कम दिल्यास त्या रकमेची नोंद असलेला ‘१०९९-एनईसी’ हा फॉर्म पाठवावा लागतो; ही मर्यादा ६०० डॉलर होती, ती २०२६ मध्ये दिलेल्या रकमांसाठी २,००० करण्यात आली. फॉर्म आला नाही म्हणजे कर नाही, हा समज मात्र सर्वस्वी चुकीचा आहे. रोखीने मिळालेले पैसेही उत्पन्नच असतात. खर्चांपैकी गाडीचा खर्च मैलांवर (२०२५ साठी मैलाला ७० सेंट) आणि केवळ कामासाठी राखलेल्या खोलीचा खर्च चौरस फुटाला ५ डॉलर या सोप्या पद्धतीने, ३०० चौरस फुटांपर्यंत, वजा करता येतो. नफ्याचा हेतूच नसलेल्या कामाला छंद मानले जाते. तेव्हा उत्पन्नावर कर लागतो आणि खर्च मात्र वजा होत नाही.

भारतीय स्थलांतरितांच्या बाबतीत व्हिसाचा प्रश्न कराच्या आधी येतो. एच-१बी (कुशल परदेशी नोकरदारांचा तात्पुरता व्हिसा) धारकाला ज्या कंपनीने अर्ज केला तिच्यासाठीच काम करता येते. स्वतःचा जोडधंदा त्यात बसत नाही, आणि अशा कामाचा कर भरल्याने ते वैध होत नाही. त्यांच्या ठरावीक जोडीदारांना २०१५ पासून एच-४ (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वर कामाचा परवाना मिळतो आणि त्यात स्वयंरोजगारही येतो. स्वयंरोजगार करातून निवृत्तिवेतनासाठी वर्षाला जास्तीत जास्त चार श्रेयांक (पात्रतेसाठी मोजले जाणारे गुण) जमतात आणि एकूण चाळीस लागतात. भारत व अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेच्या वर्गण्या जुळवून घेणारा करार २०२५ पर्यंत झालेला नसल्याने, चाळीस पुरे होण्याआधी मायदेशी परतणाऱ्याला भारतातील नोकरीची वर्षे त्यात मिळवता येत नाहीत.